एक नंबरचा रॅक निपाणीचा

आमच्या फाउंड्रीत एखादी वस्तू कुठे आहे असं विचारलं की लोक गावाचं नाव सांगायचे. पंपाचं झाकण? ते संकेश्वरला. ट्रॅक्टरचा ब्रॅकेट? काकतीला बघ, खालच्या फळीवर. बेळगावात उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरीला लागून मला चारच दिवस झाले होते, आणि मला वाटलं, नवी मुलगी म्हणून ही माणसं माझी चेष्टा करतायत. मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही, शहापुरात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

चेष्टा नव्हती. फाउंड्रीत लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो तो आधी लाकडात कोरून घेतात, त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या खळग्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा, सांभाळायचा आम्ही. असे सहा-सातशे पॅटर्न खाली स्टोअरमध्ये होते आणि तिथला सगळा कारभार एका माणसाकडे होता, अण्णांकडे. अण्णा निपाणीचे, जैन. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये जायचे आणि तिकडून परत यायचे, त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसायचा. तीस-बत्तीस वर्षं हा माणूस रोज निपाणी ते बेळगाव बसने ये-जा करत होता. स्टोअरमध्ये एका ओळीत अकरा रॅक होते, आणि अण्णांनी त्यांना आपल्या वाटेवरची गावं देऊन टाकली होती. बेळगाव, काकती, होनगा, वंटमुरी, सुतगट्टी, यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर, कणगला, तवंदी, निपाणी. कुठेही काही लिहिलेलं नव्हतं, पण स्टोअरमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना ते पाठ होतं.

मला तिथे घेतलं होतं ते हे सगळं कॉम्प्युटरवर आणायला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुण्याकडचं होतं, निम्मी भट्टी त्यांच्याच कामावर पेटायची. त्यांनी कळवलं होतं की आमचा प्रत्येक पॅटर्न कुठे ठेवलाय ते कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे, आम्ही येऊन तपासणार, आणि सापडला नाही तर पॅटर्न उचलून दुसऱ्या फाउंड्रीत नेणार. मालकांनी मला तीन महिने दिले. केबिनमध्ये बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. हे काम झालं की दिवाळीपासून अण्णांना विश्रांती द्यायची. त्यांचे गुडघे गेलेत, आणि स्क्रीनवर बघून पॅटर्न आणायला काय, कुणीही आणील. मालक आडपडदा ठेवणारे नव्हते, हे त्यांनी अण्णांनाही तोंडावर सांगितलं होतं. मी मान डोलावली. मला त्यात तेव्हा काही वाईट वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

मला भीती होती ती निराळीच. अण्णा मला काही सांगतील कशाला? ज्या दिवशी त्यांच्या डोक्यातलं सगळं माझ्या कॉम्प्युटरात येईल त्या दिवशी त्यांची नोकरी जाणार. मी त्यांच्या जागी असते तर निम्मं सांगितलं असतं आणि निम्मं विसरले असते. अण्णा मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा वाजता जिना चढून माझ्या टेबलापाशी यायचे, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने गुडघा धरत. खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि सुरू करायचे. पॅटर्नचं नाव, गिऱ्हाईक, गाव, कितवी फळी. मी टाइप करत जायची. दीड महिना हा पाठ चालला होता आणि त्यांनी एकदाही आठवत नाही म्हटलं नाही.

त्यात ते नको त्या गोष्टीही सांगायचे. म्हणजे मला तेव्हा नको वाटणाऱ्या. हा पावसाळ्यात फुगतो, आधी दोन दिवस सुकवायला लागतो. ह्याचा कान एकदा मोडलाय, खिळा मारलाय, जपून. मी म्हणायची, अण्णा, ह्याला माझ्याकडे रकाना नाही, राहू द्या. ते म्हणायचे, लिव्ह की आक्का, पुढच्याला लागंल. मी लिहिलं नाही. चार बुकं शिकलेल्या माणसाला एक खोड असते, रकाना नसला की त्याला ती गोष्टच नाहीशी वाटते.

दोनदा ते म्हणाले की एकदा खाली येऊन डोळ्यांनी बघून जा. खाली काळी वाळू, धूळ, आणि मी रोज इस्त्रीचा ड्रेस घालून यायची. मी म्हटलं, अण्णा, डेटा आला म्हणजे झालं. ते बरं म्हणाले आणि जिना उतरून गेले.

कॉम्प्युटरात गावांची नावं ठेवायची मला लाज वाटत होती. पुण्याचे लोक येऊन यमकनमर्डी वाचणार आणि आम्हाला हसणार. म्हणून मी गावांना आकडे दिले. बेळगाव एक, काकती दोन, होनगा तीन, असं करत निपाणी अकरा. पेंटरला फोनवर सांगितलं की स्टोअरच्या दारापासून सुरू कर आणि ओळीने एक ते अकरा रंगव. त्याने रंगवले. अण्णांनी बघितले आणि काही बोलले नाहीत. मग मी वरून स्टोअरला फोन लावून दोन पॅटर्न तपासून घेतले, दोन्ही रोजच्या कामातले, दोन्ही सहा नंबरच्या रॅकवरचे. दोन्ही तिथे होते. मी मालकांना सांगितलं, सिस्टीम तयार आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी कुठल्या गोठ्यात बांधला होता ते पुढे कळलं. खाली कुणी कॉम्प्युटर बघायचं नाव काढत नव्हतं, सगळे सवयीने अण्णांनाच विचारत होते, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

पुण्याचे दोघे आले तेव्हा दिवाळीला महिना-सव्वा महिना होता. स्टोअरच्या दारात टेबल मांडलं, त्यावर लॅपटॉप, मागे मी. बाजूला मालक, नंदगडचे आमचे सुपरवायझर, आणि काम थांबवून बघायला आलेली चाळीसेक माणसं. अण्णा मागे, भिंतीला टेकून. आलेल्या दोघांतल्या मोठ्याने यादीतला एक पॅटर्न निवडला. मी नाव टाकलं, स्क्रीनवर आलं, रॅक तीन. सुपरवायझर आत गेले. तीनवर तो नव्हता. दुसरा निवडला. रॅक दहा. तिथेही नव्हता. तिसरा, तोही नाही. मी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले, जसं काही चौथ्या वेळी कॉम्प्युटरला दया येणार होती.

पाहुणे म्हणाले, म्हणजे तुमच्याकडे यादी आहे, माल कुठे आहे ते माहीत नाही. मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की हे कुणी भरलंय. कुणी भरलंय ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मालक हिशेबाने वागणारा माणूस होता, पाहुण्यांसमोर त्यांना कुणाला तरी दाराबाहेर काढावंच लागणार होतं, आणि ते माणूस मीच होते.

अण्णा भिंतीपासून पुढे आले.

"मालक, चूक माझी हाय. नंबर रंगवायला पेंटरला मी सांगितलं, उलटं सांगितलं. म्याडमचं बरोबर हाय."

ते माझ्या खुर्चीपाशी येऊन स्क्रीन बघायला वाकल्यासारखे वाकले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "बेळगावपासनं मोजलीस व्हय गं? मी निपाणीतनं येतो. दाराजवळचा निपाणी. बारातनं वजा करत जा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णांच्या दिवसाची सुरुवात निपाणीला होते, दारातून आत शिरलं की पहिला रॅक निपाणीचाच असणार, त्यात विचारायचं काय? आणि मी बेळगावची. माझ्या लेखी रस्ता बेळगावात सुरू होतो आणि मग बाकीची गावं येतात, त्यातही विचारायचं काय? दाराजवळच्या रॅकवरचा एकचा आकडा त्यांना बरोबर दिसला आणि यादीतला एकचा आकडा मला बरोबर दिसला. अकरा रॅकमधला सहावा कुठूनही मोजला तरी सहावाच, यमकनमर्डी. मी नेमका तोच तपासला होता. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही की तुम्ही कुठून मोजता, आणि विचारायचं काम माझं होतं.

मी वजाबाकी करत गेले. तीनचा नऊ. दहाचा दोन. सुपरवायझर आत जात होते आणि पॅटर्न घेऊन बाहेर येत होते. पाहुण्यांनी आणखी सहा निवडले, सहाही मिळाले. ते म्हणाले, यादी पक्की आहे, रंगकाम नीट करून घ्या, पंधरा दिवसांनी फोटो पाठवा. काम वाचलं. मीही वाचले.

पाहुणे अजून गाडीत बसायचे होते तेव्हाच मालक अण्णांकडे वळले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "अण्णा, आता पुरे. दिवाळीपर्यंत थांबायला नको. उद्यापासून घरीच राहा." अण्णा व्हय म्हणाले. आत जाऊन डबा घेतला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले. दुपारचा दीड वाजला होता. मी लॅपटॉपच्या मागे उभी होते आणि माझी दातखीळ बसली होती. एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला असा माझा स्वभाव, आणि जेव्हा एक वाक्य बोलायचं होतं तेव्हा ते निघालं नाही.

संध्याकाळी घरी वडिलांना सगळं सांगितलं. वडील शाळेत मास्तर होते. मला वाटलं रागावतील, निदान समजूत तरी घालतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचे मालक सकाळी किती वाजता येतात? मी म्हटलं, नऊला. ते बरं म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

नऊला मी केबिनमध्ये होते. सगळं सांगितलं, बेळगाव-निपाणी, पेंटरला मीच केलेला फोन, बारातून वजा करणं. मालकांनी एवढंच विचारलं, काल का बोलली नाहीस? मी म्हटलं, घाबरले. त्यांनी समोरची फाइल मिटली. मी म्हटलं, मी नोकरी सोडते. ते उठले आणि म्हणाले, तू कुठे जातेस, गाडीत बस.

गाडी थेट निपाणीला जाऊन थांबली. अण्णा घराच्या कट्ट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले, मालकांना आत घेतलं, खुर्ची पुसून दिली. मालक उभेच राहिले. त्यांनी विचारलं, अण्णा, तुम्ही खोटं का बोललात? अण्णा हसले.

"मी दिवाळीला जाणारच हुतो की मालक. हिची तर आत्ता सुरवात हाय. पावण्यांच्या समोर हिला घालवली असती, तर उद्यमबागेत कोण उभं करून घेतलं असतं हिला?"

इतकं सहज सांगितलं, जसं बसमध्ये कुणाला जागा दिली होती. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, उठ उठ, एवढं काय झालंय. मालक म्हणाले, चला, गाडीत बसा. अण्णा तसेच सदरा चढवून निघाले.

फाउंड्रीत पोचल्यावर मालकांनी सगळ्यांना स्टोअरपुढे बोलावलं. काल सगळ्यांच्या समोर जे बोललो ते आज सगळ्यांच्याच समोर परत घेतो, असं ते म्हणाले. पुढचं मी बोलले. चूक अण्णांची नव्हती, माझी होती, ह्याच्यापुढे दोनच वाक्यं झाली. अण्णांनी हात वर केला, बास झालं, वाळू वाळतीया, कामाला लागा म्हणाले आणि सगळ्यांना पांगवलं. मालकांनी पुण्यालाही फोन करून खरी गोष्ट सांगितली. तिकडचे साहेब म्हणे हसले आणि म्हणाले, सापडले ना, मग झालं.

अण्णा मला आत घेऊन गेले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या दाराच्या आत पाऊल टाकत होते. निपाणीपासून सुरू करून एकेक पॅटर्न त्यांनी माझ्या हातात दिला, कुठे फुगतो ते बोटाने दाखवलं, मोडका कान दाखवला. त्याला आठ दिवस लागले. माझे ड्रेस काळे झाले आणि आई रोज बोलत होती. रंगवलेल्या आकड्यांना मी हात लावला नाही, कॉम्प्युटरातलेच बदलले, ते काम एका ओळीचं होतं. आणि एक नवा रकाना केला, अण्णांची टीप. पुढच्या पावसाळ्यात अण्णा आठ दिवस आजारी होते, तेव्हा एक फुगलेला पॅटर्न वाळूत जाता जाता त्या टिपेमुळेच थांबला. सुपरवायझर वर येऊन मला सांगून गेले.

अण्णा दिवाळीला गेले नाहीत. आणखी तीन वर्षं राहिले. एका बोटाने टाइप करायला शिकले, स्वतःच्या टिपा स्वतः भरायला लागले, आणि मी केलेल्या चुका काढायला लागले, त्यात त्यांना जरा जास्तच मजा यायची. मग गुडघे अगदीच ऐकेनात तेव्हा आपणहून म्हणाले, आता जातो. शाल, नारळ, फोटो सगळं झालं.

आज तीन कारखान्यांचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. नव्या ठिकाणी गेले की मी आधी लॅपटॉप उघडत नाही. तिथलं सगळ्यात जुनं माणूस शोधते आणि म्हणते, चला, मला आत न्या, आणि तुम्ही कुठून मोजता ते सांगा. हाताखालची मुलं हसतात. हसू देत बापडी. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही, आणि ज्यांनी शिकवलं त्यांनी त्याची फी स्वतःच भरली. ती किती होती हे मात्र मला फार उशिरा कळलं.

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी निपाणीला गेले होते. अण्णा शेजारी कुणाकडे गेले होते, घरात त्यांच्या बायको, काकू, एकट्याच होत्या. पत्रिका हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, ती कॉम्प्युटरवाली तूच न्हवं का? मी हो म्हटलं आणि कौतुकाने सांगायला लागले, काकू, त्या दिवशी अण्णांनी मला वाचवलं, आणि आम्ही न्यायला आलो तर हसत होते, त्यांना कशाचं काहीच वाटलं नव्हतं.

काकू थोडा वेळ पत्रिकेवरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, त्या दिवशी ते चारच्या बसनंच उतरलेते, शेजारच्यानं बघितलंतं. पण घरला आले न्हाईत. स्टँडवर बाकड्यावर बसून राहिले, डबा मांडीवर घेऊन. दिवस मावळायची वाट बघत. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. अंधार पडल्यावर आले आणि म्हणाले, बस चुकली, आता जेवायची वेळ टळली. डबा उघडला तर भरलेला तसाच. मी काय विचारलं न्हाय. माझ्या समोर पानावर बसून घास गिळायला लागू नये, म्हणून तीन तास बसलेते.

काकूंनी पत्रिका देवापुढे ठेवली आणि उठल्या.

तेवढ्यात अण्णा आले. मला बघून खूश झाले, नवरा काय करतो, कुठला, सगळं विचारून घेतलं, आणि म्हणाले, जेवल्याबगर सोडणार न्हाय, अजून दिवस हाय. काकूंनी दोन पानं वाढली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मान खाली घालून जेवले, कारण वर बघितलं असतं तर त्यांनी काय झालं म्हणून विचारलं असतं. अण्णांनी आमटी दोनदा मागून घेतली.